पॅलेट बाहेर पेटल्या, बॉक्स आत जळाले: नऊ इंची भिंतीतून खरंच किती उष्णता जाते?

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतला गाळा. मागच्या बाजूला अरुंद बोळ, त्या बोळात शेजारच्याने लाकडी पॅलेट रचून ठेवलेल्या, अगदी भिंतीला टेकून. साधारण ५ मीटर लांब, २ मीटर उंच आणि सव्वा मीटर रुंद असा ढीग, साठेक पॅलेट असतील. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ढीग पेटला आणि बंब येऊन आग आटोक्यात येईपर्यंत पाऊण तास गेला. तोवर बहुतेक पॅलेटची राख झाली होती. माणसांना कुणाला काही झालं नाही हे सगळ्यात महत्त्वाचं.

गाळ्याच्या आत त्याच भिंतीला लागून रॅक होते, रॅकवर पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये पॅक केलेला तयार माल. वरच्या खणातले काही बॉक्स काळे पडले, दोन-तीन पेटून विझले, खालचे पाण्याने भिजले. विम्याचे सर्व्हेअर आले, त्यांनी एक कागद पुढे केला, त्यावर हिशोब होता की आगीत भिंतीची आतली बाजू २१० अंशांपर्यंत गेली असणार, म्हणजे माल भिंतीला चिकटवून ठेवला म्हणून जळाला, म्हणजे चूक मालकाची. मालक घाबरले. त्यांनी पूर्ण भिंतीला आतून रॉकवूल आणि बोर्ड लावायचं कोटेशनसुद्धा मागवलं, आणि मग मला फोन आला, "सर, भिंत तापूनच बॉक्स जळाले ना? मग भिंतच झाकून टाकतो."

मी म्हटलं थांबा, आधी बघू या उष्णता आत आली कुठून.

आता तो २१० चा आकडा आला कसा ते आधी सांगतो, कारण तो हिशोब आकडेमोड म्हणून बरोबर आहे, आणि म्हणूनच तो फसवतो. भिंत अशी: बाहेर २० मिमी सिमेंट प्लास्टर, मध्ये २३० मिमी वीट, आत १२ मिमी प्लास्टर. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४१ या हँडबुकात भाजलेल्या विटेची वाहकता (उष्णता किती सहज वाहते त्याचं माप) ०.८११ वॅट प्रति मीटर प्रति अंश दिली आहे, सिमेंट प्लास्टरची ०.७२१. विटेचा रोध, म्हणजे उष्णतेला होणारी अडवणूक, ०.२३ भागिले ०.८११ म्हणजे ०.२८, दोन्ही प्लास्टरचा मिळून ०.०४४, आणि आतल्या हवेच्या थराचा १ भागिले ८ म्हणजे ०.१२५. बेरीज ०.४५. बाहेरचा पृष्ठभाग ६८० अंश धरला आणि आत ३० अंश, तर फरक ६५०, भागिले ०.४५, आले साधारण १.४ किलोवॅट प्रति चौरस मीटर. ते आतल्या हवेला द्यायचे तर आतला पृष्ठभाग हवेपेक्षा १८० अंशांनी वर पाहिजे, झाले २१०. एसीचा लोड काढताना आपण यू-व्हॅल्यू (१ भागिले एकूण रोध) घेऊन हेच करतो आणि तिथे ते चालतं.

६८० सुद्धा त्यांनी हवेतून काढलेला नाही. युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या बांधकाम मानकांत, इमारतीच्या बाहेरून लागणाऱ्या आगीसाठी वेगळा तापमान-वक्र दिलेला आहे, तो ६८० अंशांवर जाऊन सपाट होतो, आतल्या आगीचा नेहमीचा आयएसओ ८३४ वक्र मात्र चढतच जातो, तासाभरात ९४५ पर्यंत. बाहेर धूर आणि उष्णता मोकळ्या हवेत निघून जाते म्हणून हा फरक. वक्रातला ६८० हा ज्वाळेच्या वायूंचा आकडा, भिंतीचा पृष्ठभाग त्याच्या थोडा खालीच राहील, पण सुरक्षित बाजूने मीही पृष्ठभागच ६८० धरला, तोही पहिल्या मिनिटापासून.

गडबड दुसरीकडे आहे. हा हिशोब गृहीत धरतो की आग इतका वेळ जळली की भिंतीतलं तापमान स्थिर झालं. नऊ इंची भिंतीला स्थिर व्हायला किती वेळ लागतो? विटेची घनता १८२०, विशिष्ट उष्णता ८८० ज्यूल प्रति किलो प्रति अंश, वाहकता ०.८११, यातून उष्णता पसरण्याचा वेग म्हणजे डिफ्युझिव्हिटी निघते ५.०६ भागिले १ कोटी, चौरस मीटर प्रति सेकंद. भिंतीची जाडी २६० मिमी धरा, तिचा वर्ग करून या आकड्याने भागा. उत्तर येतं साधारण ३७ तास. एवढ्या तासांच्या मापाच्या भिंतीपुढे आग होती पाऊण तासाची. म्हणजे स्थिर अवस्थेचं सूत्र इथे लावायचा प्रश्नच येत नाही, आग विझली तेव्हा भिंतीच्या आतल्या अर्ध्या भागाला अजून बाहेर काही घडलंय याचा पत्ताच नव्हता.

ही गोष्ट नीट आकड्यात मांडली तर अशी. पाऊण तास म्हणजे २७०० सेकंद. डिफ्युझिव्हिटी गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ: ३७ मिमी. उष्णता किती खोल घुसली याचं हे माप. जाड भिंत म्हणजे एका बाजूने अनंत असं धरून एरर फंक्शनच्या टेबलातून तापमान काढता येतं: खोली भागिले या ३७ मिमीची दुप्पट म्हणजे ७४ मिमी, आणि त्या गुणोत्तराची किंमत टेबलात बघायची. ५० मिमी खोलीवर ६५० च्या ३४ टक्के वाढ, म्हणजे तिथे २५० अंश. १०० मिमीवर साडेपाच टक्के, ६५-६६ अंश. १५० मिमीवर जेमतेम ३३ अंश. आणि आतल्या पृष्ठभागावर, २६० मिमीवर, वाढ अंशाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, म्हणजे व्यवहारात शून्य.

२१० नाही. ३० च.

मालकांना हे पटेना, आणि त्यांचं कारण खरं होतं. वॉचमन मामांनी रात्री साडेबाराला त्यांना फोन केला होता की शेठ, भिंत तापलीय, मी खाट लांब ओढली, आत काही धुमसतंय का बघायला कुणाला तरी बोलवा. बंबवाले परत येऊन बघून गेले, काही नव्हतं. आता आग विझली पावणेसातला, आणि भिंत तापली साडेबाराला, मग भिंतीतून उष्णता आलीच की नाही?

आली, पण आग विझल्यावर काही तासांनी आली, आणि हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. आगीच्या पाऊण तासात भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरने साधारण ४३ मेगाज्यूल उष्णता पोटात घेतली. ५ बाय ३ मीटरचा पट्टा धरला तर ६५० मेगाज्यूल. पॅलेटचं लाकूड हजारेक किलो आणि किलोला १७ मेगाज्यूल धरले तर आगीतून निघालेल्या एकूण उष्णतेच्या पावणेचार टक्के ही झाली, बाकी सगळी वर हवेत गेली. आग विझली की ही साठलेली उष्णता दोन्हीकडे सरकते, बरीचशी आली त्या वाटेने बाहेरच परत जाते, थोडी आत जाते. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेची भिंत दिवसभर ऊन खाते आणि आपल्याला मात्र रात्री जेवणानंतर गरम लागते, तोच प्रकार.

हे टेबलातून काढायला किचकट म्हणून एक्सेलमध्ये मांडलं. भिंतीचे २० मिमीचे १३ काप, एक-एक मिनिटाची पायरी, प्रत्येक कापाचं नवं तापमान शेजारच्या दोन कापांवरून. (पायरी साडेसहा मिनिटांच्या वर नेली की आकडे वेडेवाकडे उड्या मारायला लागतात, ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, आणि पृष्ठभागाच्या कापांसाठी त्याहूनही लहान पायरी लागते.) पहिले ४५ मिनिट बाहेरचा पृष्ठभाग ६८० ला बांधून ठेवला, नंतर सोडून दिला, पृष्ठभागातून निघून जाणारी उष्णता बाहेर हवेला आणि किरणोत्सर्गाला मिळून २० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरली, आत ८. उत्तर असं आलं की आतली बाजू आग विझल्यावर दोन-अडीच तास जवळपास तशीच राहते, मग हळूहळू चढते, साडेसहा-सात तासांनी सगळ्यात वर पोचते आणि तेव्हाची वाढ असते साधारण १८ अंश. म्हणजे रात्री दीडच्या सुमाराला भिंत ४८ अंश. मामांनी हात लावला तेव्हा ४६ च्या आसपास असेल, हाताला चांगलंच गरम लागतं. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं आणि त्यांनी फोन केला हेही बरोबर केलं. पण ४८ अंशाला पुठ्ठा जळत नाही, आणि बॉक्स तर संध्याकाळीच जळाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी इन्फ्रारेड गन घेऊन गेलो तेव्हा ती भिंत बाजूच्या भिंतीपेक्षा ८-९ अंशांनी गरम होती. एक्सेल १० सांगत होतं. बंबाने बाहेरून पाणी मारलं होतं, त्याचा परिणाम माझ्या हिशोबात नाही, शिवाय विटेतला ओलावा उडवायलाही उष्णता लागते आणि तीही मी धरली नव्हती, दोन्ही गोष्टी तापमान खालीच आणणाऱ्या. तेव्हा एवढा फरक चालण्यासारखा.

आणखी एक पुरावा भिंतीतच होता. बाहेरचं प्लास्टर ठिकठिकाणी पोपडे धरून पडलेलं, तिथे विटांच्या सांध्यातला मसाला स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर वरचा भाग भुसभुशीत आणि रंग फिकट गुलाबी, आत गेलं की पुन्हा नेहमीचा राखाडी आणि घट्ट. वाळू-सिमेंटचा मसाला ३०० अंशांच्या वर गेला की त्यातल्या लोहामुळे असा गुलाबी होतो, आणि हा रंग थंड झाल्यावरही राहतो म्हणून आगीनंतरच्या तपासणीत तो फार उपयोगी पडतो. मूळ पृष्ठभागापासून मोजलं तर गुलाबी पट्टा ३५ ते ४० मिमी भरला. हिशोबाप्रमाणे ३०० अंशांची रेषा ४३ मिमीवर यायला पाहिजे. वाळूतला क्वार्ट्झ ५७३ अंशाला एकदम फुगतो, ती रेषा ११ मिमीवर येते, म्हणजे प्लास्टरच्या आतच, आणि प्लास्टरच तेवढं सुटून पडलं होतं. विटा तर भट्टीत याहून जास्त तापून आलेल्या, त्यांना काही झालं नाही. हे सगळं एकमेकांशी जुळतंय म्हटल्यावर मला भिंतीबद्दल शंका राहिली नाही.

मग बॉक्स कशाने जळाले? मान वर केली की दिसत होतं. रॅकच्या वरच्या खणासमोर ९०० बाय ६०० मिमीचा व्हेंटिलेटर, काचेच्या झडपांचा, काचा फुटून खाली पडलेल्या. जळालेले बॉक्स बरोबर त्याच्या समोरचे. काळेपणासुद्धा मध्यभागी गडद आणि कडेला विरत गेलेला, आणि एका बॉक्सच्या व्हेंटिलेटरकडच्या बाजूवर शेजारच्या बॉक्सची सरळ सावली पडलेली, म्हणजे सावलीतला पुठ्ठा जसाच्या तसा पिवळा. भिंतीच्या उष्णतेने अशी सावली पडत नाही, ती फक्त किरणोत्सर्गाने पडते. भिंतीला थेट टेकलेल्या बाकीच्या बॉक्सची भिंतीकडची बाजू तर कोरी होती, हेच खरं तर पुरेसं होतं.

तरी आकडा काढला. लाकडाची ज्वाळा ८०० अंश धरली तर पूर्ण काळ्या वस्तूसाठी किरणोत्सर्ग ७५ किलोवॅट प्रति चौरस मीटर. ज्वाळेची जाडी सव्वा मीटरच्या आसपास, तिची उत्सर्जकता (काळ्या वस्तूच्या तुलनेत ती किती किरणोत्सर्ग फेकते) ०.६५ च्या जवळपास, म्हणजे उघड्या व्हेंटिलेटरमधून आत बघणारे सुमारे ५० किलोवॅट. व्हेंटिलेटरपासून अर्ध्या मीटरवर समोरासमोर असलेल्या बॉक्सला त्या उघड्या चौकोनाचा दर्शनगुणक, म्हणजे तिथल्या किरणोत्सर्गाचा किती हिस्सा बॉक्सवर पडतो तो आकडा, ०.३९ मिळतो, म्हणजे बॉक्सवर २० किलोवॅट प्रति चौरस मीटर. लाकूड-पुठ्ठ्यासाठी साडेबारा किलोवॅट ही धोक्याची रेषा मानतात, ठिणगी जवळ असेल तर त्याला पेट घ्यायला तेवढं पुरतं, आणि इथे फुटलेल्या काचेतून ठिणग्या आत येतच होत्या. तेच बॉक्स २ मीटर लांब असते तर गुणक ०.०४ आणि उष्णता २ किलोवॅट, काही झालं नसतं. तुलना करायची तर अर्ध्या चौरस मीटरच्या या भोकातून आगीच्या ऐन भरात २७ किलोवॅट आत येत होते, आणि १५ चौरस मीटर भिंतीतून त्या वेळी शून्य. भिंत तिच्या सगळ्यात गरम क्षणी, रात्री दीडला, सगळी मिळून सव्वादोन किलोवॅट देत होती.

अजून एक जागा सापडली जी कुणाच्याच यादीत नव्हती. जुन्या एक्झॉस्ट फॅनचं भोक २ मिमीच्या पत्र्याने बंद केलेलं, वरून रंग मारलेला, त्यामुळे लांबून भिंतच वाटायची. आतल्या बाजूचा रंग जळून पत्रा निळसर झालेला. २ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम १६ किलो, समोर ज्वाळा असली की तो दोन-तीन मिनिटांत ४०० पार करतो आणि ५०० ते ५५० ला स्थिरावतो. ५०० अंशाचा रंगवलेला पत्रा आतल्या बाजूला १६ किलोवॅट प्रति चौरस मीटर फेकतो. त्याच्यासमोर सुदैवाने रिकामी जागा होती. तिथे थिनरचे डबे असते तर हे लिखाण वेगळं झालं असतं. पत्र्याने बंद केलेलं भोक आगीच्या दृष्टीने उघडंच समजा. ज्वाळा अडेल, उष्णता नाही.

यावरून रिपोर्टमध्ये लिहिलं की नुकसान व्हेंटिलेटरमधून आलेल्या किरणोत्सर्गाने आणि ठिणग्यांनी झालं, भिंतीतून गेलेल्या उष्णतेने नाही, सोबत एक्सेल, सावलीवाल्या बॉक्सचे फोटो आणि गुलाबी पट्ट्याचं माप जोडलं. सर्व्हेअर साहेबांनी एक्सेल नीट उघडून बघितलं, विचारलं की वाहकता दीडपट धरली तर? करून दाखवलं, पाऊण तासाला तरीही आत वाढ जवळपास शून्य, रात्रीची वाढ मात्र जास्त. त्यांनी चांगला प्रश्न विचारला असं मला वाटलं, कारण विटा जागोजागी वेगळ्या असतात आणि एका आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो.

भिंत साडेचार इंची असती तर? अनेक गाळ्यांत पार्टिशनच्या, नंतर वाढवलेल्या भिंती तशाच असतात म्हणून हेही काढून ठेवलं. प्लास्टर धरून १४७ मिमी. आग विझताना आतली वाढ चार-पाच अंश, म्हणजे अजूनही नगण्य, पण दोन-तीन तासांनी आतली बाजू ८० अंशांच्या वर. तिथे टेकलेलं प्लॅस्टिक मऊ पडेल, वायरचं इन्सुलेशन म्हातारं होईल. आग-प्रतिरोधाच्या चाचणीत, आपल्याकडे आयएस ३८०९, आतल्या बाजूची सरासरी वाढ १४० अंश आणि कुठल्याही एका बिंदूवर १८० अंश ही मर्यादा असते. नऊ इंची भिंतीसमोर हीच आग ४ तास जळत राहिली असती तरी विझताना आतली वाढ तीसेक अंशांच्याच घरात राहिली असती. पण हे सगळं सलग, प्लास्टर केलेल्या, भेग नसलेल्या भिंतीचं. भेगेतून गरम वायू थेट आत येतात, तिथे वाहकतेचा हिशोब कामाचा नाही.

रॉकवूलचं काम मालकांनी रद्द केलं. त्या पैशांत दोन्ही भोकं वीट-मसाल्याने बंद करून दोन्हीकडून प्लास्टर झालं, हवेसाठी व्हेंटिलेटर समोरच्या बाजूला काढला जिथे बाहेर काही रचता येत नाही. शेजाऱ्यांशी बोलून बोळ मोकळा ठेवायचं ठरलं, आणि हे त्यांच्याकडून लेखी घ्या असं मी मुद्दाम सांगितलं. रॅक भिंतीपासून लांब न्यायची गरज नव्हती, ते तिथेच आहेत.

एक गोष्ट मात्र भिंतीबाहेरची राहिली होती, व्हेंटिलेटरवरचा आरसीसी लिंटेल, म्हणजे भोकावरची काँक्रीटची आडवी तुळई. काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा जरा लवकर सरकते, त्यामुळे काँक्रीटच्या २५ मिमी थराखालची (कव्हरखालची) सळई साडेचारशे अंशांच्या घरात गेली असणार, आणि ३०० च्या वर तापलेलं काँक्रीट ताकदीच्या हिशोबात धरायचं नसतं. वर हातोडीने ठोकलं तर बाहेरच्या कडेला पोकळ आवाज येत होता. भोक बंद करायचंच होतं म्हणून खाली टेकू देऊन आधी तो लिंटेल तोडला, नवा टाकला, आणि मग वीटकाम वर नेलं.